जिन्यापाशी एक रिकामा पाईप

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा कराडच्या आमच्या नव्या घराचा स्लॅब होऊन भिंती उभ्या राहिल्या होत्या. वायरमन झिऱ्या मारत होता. बाबांनी कौतुकाने पॉइंटची यादी दाखवली. दोन एसी, गीझर, इन्व्हर्टर, शिवाय पुढेमागे घेऊ म्हणून इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगचा पॉइंट! मी म्हटलं, "जिन्यापाशीही एक पाईप टाकून ठेवू. पुढे जिन्याची खुर्ची बसवायला." बाबांचा चेहराच पडला. "आम्ही काय आत्ताच म्हातारे झालो?" आई म्हणाली, "वास्तुशांतीच्या आधी असलं बोलू नये रे."

मित्रांनो, न घेतलेली गाडी यादीत बसते, पण उद्या दुखणारे गुडघे बसत नाहीत, हे मला पटत नाही. आमच्या जुन्या घरात खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. शेवटची तीन वर्षं आजी खाली उतरली ती फक्त दवाखान्यात जाण्यापुरती, तीही चौघांनी खुर्चीसकट उचलून. परसातली तुळस ती खिडकीतूनच बघायची. मध्ये होत्या फक्त अठरा पायऱ्या.

ही खुर्ची पायऱ्यांवर बसवलेल्या रुळावरून सरकते. खड्डा नको, शाफ्ट नको. "पण थ्री फेज लागेल ना?" इति माझा रूमपार्टनर. चला, हिशोब करू. माणूस आणि खुर्ची मिळून 120 किलो, चढ 3 मीटर. 120 × 9.8 × 3 म्हणजे सुमारे 3,500 ज्यूल, जेमतेम एक वॉट-तास! कागदावर एका युनिटमध्ये हजार फेऱ्या. सगळे लॉसेस धरले तरी शेकड्यांनी होतील. शिवाय आजच्या बहुतेक खुर्च्या 24 व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, घरची वीज फक्त ती चार्ज करते. म्हणून लाईट गेली तरी काही फेऱ्या होतात.

म्हणजे अडचण लोडची नाहीच, वेळेवर विचार करण्याची आहे. डीबीत एका एमसीबीची जागा मोकळी सोडा. तिथून 25 मि.मी.चा पाईप जिन्याच्या खालच्या आणि वरच्या टोकाला न्या, दोन्हीकडे बॉक्स बसवून झाकणं लावा आणि आत ओढायची तार ठेवा. दोन्हीकडे अशासाठी, की कुठल्या मॉडेलला सप्लाय कुठे लागेल हे आज ठरवता येत नाही. पुढे खुर्ची आली की तिला स्वतंत्र सर्किट, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग द्यायचं. एक मात्र लक्षात ठेवा, तिच्या सप्लायला हाताशी येणारं साधं बटण नको. आमचे बाबा झोपण्याआधी घरातली सगळी बटणं बंद करतात. तसं रोज झालं तर बॅटरी उतरणार आणि एक दिवस खुर्ची जिन्यात मध्येच थांबणार! जिना ऐसपैस आणि त्याचा दिवा वर-खाली दोन्हीकडून लागणारा हवा, हे वेगळं सांगायला नको.

कोणी म्हणेल, म्हाताऱ्यांना खालचीच खोली द्या. जरूर द्या. पण गच्चीवर वाळवण घालायला, वर नातवंडांत बसायला आईला जावंसं वाटलं तर? "तू खालीच बस" हे आपण कोण ठरवणार?

प्लास्टरच्या आधी हे काम म्हणजे थोडा पाईप आणि दोन बॉक्स. नंतर तेच काम म्हणजे फोडाफोड, धूळ आणि नवा रंग. तहान लागल्यावर विहीर खणणारे आपण, निदान इंजिनिअर म्हणवून घेताना तरी ही सवय सोडू या.

सुट्टी संपवून मी होस्टेलला आलो. आठवड्याने बाबांचा फोन आला. मेसच्या जेवणाची चौकशी झाली, सबमिशनची झाली. ठेवता ठेवता म्हणाले, "अरे, तो तुझा पाईप जिन्याच्या भिंतीच्या बाजूने घेतलाय. चालेल ना?"

चालेल बाबा. तुमच्याही घराचं बांधकाम चालू असेल, तर आज रात्री एक फोन करा.