साध्या पाण्याचे घमेले शेजारी ठेवा!



संक्रांतीच्या हळदीकुंकवात आपल्या वस्तीत काय घडले, ते आता घरोघरी ठाऊक आहे. ‘साबण-पावडर कायमची बंद’ असे सांगून बायकांच्या हाती प्लास्टिकचा एक चेंडू ठेवला गेला. आत चिनीमातीचे खडखडणारे मणी आणि किंमत अकराशे रुपये! ज्यांच्याकडे रोख नव्हती, त्यांनी बचत गटातून कर्ज उचलले. साबणाचा खर्च वाचावा म्हणून कर्ज काढायचे आणि त्या कर्जावर दरमहा व्याज भरायचे! दहा रुपयांची वडी धरली, तर त्या पैशांत एकशे दहा वड्या आल्या असत्या.

फसवणूक झाली, हे कोणाला पटवून देण्याची गरज उरलेली नाही. या पत्रकाचा रोख एकाच गोष्टीवर आहे: त्या दिवशी झालेल्या ‘प्रात्यक्षिका’वर. कारण चेंडू गेला तर उद्या मॅग्नेशियमची पिशवी येईल, परवा चुंबकाची चकती येईल. प्रात्यक्षिक मात्र हेच राहील.

आठवून पाहा. पांढऱ्या रुमालावर चहा ओतला. घमेल्यात पाणी घेतले, चेंडू सोडला, रुमाल बराच वेळ खळबळला, पिळला आणि झटकून सर्वांसमोर धरला. डाग फिका झालेला. टाळ्या! मग पावतीपुस्तक निघाले.

दुसरे घमेले कुठे होते? त्याच चहाचा दुसरा रुमाल, तेवढेच पाणी, तेवढाच वेळ, तेवढेच खळबळणे, फक्त चेंडू नाही. एवढे केले असते तर सगळा निकाल तिथेच लागला असता. ताजा चहा साध्या पाण्यातही बराचसा निघतो. घाम, धूळ, मीठ, माती हेही पाण्याने आणि चोळण्याने निघते. काम पाण्याने आणि मनगटाने केले, श्रेय चेंडूने लाटले.

प्रात्यक्षिकाला चहा निवडला, गोडेतेल का नाही निवडले? सदऱ्याच्या कॉलरवरची काळी मेणचट पट्टी का नाही निवडली? कारण तेल आणि पाणी एकजीव होत नाही. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. असे असंख्य रेणू तेलाच्या थेंबाला वेढतात, त्याला कापडापासून सोडवतात आणि पाण्याबरोबर वाहून नेतात. चेंडूतून पाण्यात असे काहीही उतरत नाही. म्हणून तेलाच्या डागाशी त्याची गाठ पडू दिली जात नाही.

दावे मात्र भारदस्त. म्हणे मण्यांतून अवरक्त किरण निघतात. निघतातच! ते पाट्या-वरवंट्यातून निघतात, आपल्या तळहातातूनही निघतात. म्हणून कोणी हात दाखवून धुणे धूत नाही. म्हणे पाण्याच्या रेणूंचे झुबके फुटतात. पाण्याच्या रेणूंमधले बंध तर आपसूकच सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी वेळात तुटतात आणि नव्याने जुळतात. जे अखंड चालूच आहे, त्याचे अकराशे रुपये कसले?

म्हणे पाणी अल्कधर्मी होते. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. पांढऱ्या चिंधीला हळद लावा. साबण लागताच ती लालसर होते, हे धुणे धुणारी प्रत्येक बाई जाणते. तीच चिंधी चेंडूच्या पाण्यात बुडवा. पिवळीच राहिली, तर तो दावा तिथेच संपला. मॅग्नेशियमच्या पिशवीने पाणी थोडे अल्कधर्मी होईलही, पण तेवढ्याने कॉलरचे तेल सुटत नाही. शिवाय आपल्या बोअरचे पाणी जड आहे ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळेच. त्यात आणखी मॅग्नेशियम विकत घेऊन घालायचे?

आता नेहमीचे आक्षेप.

‘आमच्या घरी चेंडूने फेससुद्धा आला.’ तो फेस कपड्यात राहिलेल्या जुन्या पावडरीचा. तेच कपडे नुसत्या पाण्यात खळबळून पाहा, फेस तिथेही येईल.

‘पूर्वी कुठे होती पावडर?’ नव्हती. पण रिठा होता, त्यातल्या सॅपोनिनला फेस येतो आणि ते मळ सोडवते. चुलीची राख होती, तिच्यात पोटॅशियम कार्बोनेट असते. धुण्याचा सोडा होता, तो जड पाणी मऊ करतो. आपल्या आज्यांनी प्रत्येक वेळी पाण्यात काहीतरी कामाचे घातले. ‘काहीच न घालता धुवा’ असे सांगणाऱ्यांनी त्यांचे नाव घेऊ नये.

‘पावडरीने नदी नासते, चेंडू पर्यावरणाचा मित्र आहे.’ नदीची चिंता खरी आहे. मग पावडर मोजून घाला, रिठा वापरा. काम न करणारे प्लास्टिक घरात आणून कोणती नदी वाचली?

‘विज्ञानाला सगळे कळते का?’ नाही. पण दोन घमेली शेजारी ठेवायला सगळे कळावे लागत नाही. दोन रुमाल आणि प्रामाणिकपणा पुरतो.

हा खेळ नवाही नाही. अमेरिकेत असेच चेंडू विकले गेले आणि १९९९ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने विक्रेत्यांवर कारवाई केली. पाव शतकानंतर तोच माल आपल्या दारात नवा शोध म्हणून येतो, कारण टाळ्या वाजवण्याआधी प्रश्न विचारायचा नाही, अशी सवय आपल्याला लागली आहे.

यात फक्त पैसे बुडाले असे समजू नका. बाळाची दुपटी, आजाऱ्याची चादर, पाळीचे कापड हेही याच भरवशावर पाण्यातून नुसते काढले जात आहे. ते आजपासून थांबवा. साबण लावा आणि उन्हात वाळवा.

प्रत्येक बचत गटाने येत्या बैठकीत ठराव करावा: साध्या पाण्याचे घमेले शेजारी ठेवल्याशिवाय प्रात्यक्षिक होऊ द्यायचे नाही, आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी कर्ज द्यायचे नाही. ज्यांनी चेंडू घेतला, त्यांनी लाजून तो माळ्यावर टाकू नये. पावती, खोके आणि जाहिरातीचा कागद जपून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. ‘पर्यावरणपूरक’ म्हणायचे तर पुरावा द्यावा लागतो, अशी मार्गदर्शक तत्त्वे २०२४ साली आली आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. एकटीने नव्हे, गटाने मिळून फोन करा आणि तक्रार नोंदवा.