लोणेऱ्याचा शिक्का आणि बापाचा सातबारा

यवतमाळ, नांदेड, लातूरकडच्या एखाद्या कापूसवाल्याचा मुलगा जवळच्याच शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात असतो. गुणपत्रिका घरी येते तेव्हा वर मोठ्या अक्षरांत छापलेले असते : डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, लोणेरे, जि. रायगड. बाप विचारतो, हे लोणेरे कुठे आले रे? पुष्कळदा पोरालाही सांगता येत नाही. १९८९ च्या कायद्याने कोकणात हे विद्यापीठ निघाले आणि २०१४ च्या कायद्यानंतर साऱ्या राज्यातली कॉलेजे त्याला जोडता येऊ लागली. म्हणून कोकणातल्या एका गावाचा शिक्का आज कोरडवाहू घरांतल्या गुणपत्रिकांवर उमटतो.

त्या गावाला जायची वाट पेण, नागोठणे, कोलाडवरून जाते. पोराला एकदा त्या वाटेने घेऊन जावे, असे आम्हाला मनापासून वाटते. चार वर्षांत वर्गात जे शिकवतात, त्यातले बरेचसे या रस्त्याकडेला उघडे पडलेले आहे.

पेणच्या खाडीकाठची भातशेती समुद्राच्या भरतीपेक्षा खालच्या पातळीवर आहे. मातीचा बांध घालून खारे पाणी थोपवायचे, आणि बांधात ठेवलेल्या उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर काढायचे. उघाडीची झडप ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते, भरती आली की बाहेरच्या दाबाने आपोआप मिटते. वीज नाही, इंजिन नाही. पाण्याच्या दाबाचे गणित परीक्षेत पाठ करून लिहिणाऱ्या पोराला ही झडप का मिटते हे सांगता आले नाही, तर त्याला मिळालेले गुण कशाचे? आणि बांधाला खांड पडली की शेतात खारे पाणी शिरते, पुढची काही वर्षे जमीन हातची जाते. इंजिनिअरची चूक कोण भोगतो, हे तिथे दिसते.

त्याच पेण तालुक्यात हेटवणे धरण आहे. धरणाचे पाणी नवी मुंबईच्या नळांना पोचले, लाभक्षेत्रातली गावे मात्र कालव्याची वाट पाहत राहिली. २१ सप्टेंबर २००८ रोजी त्यातल्या २२ गावांत महामुंबई सेझबद्दल शेतकऱ्यांचे सार्वमत घेतले गेले. जमिनीला पाणी मिळू द्या, जमीन घेऊ नका, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे तो सेझ बारगळला. धरण बांधले इंजिनिअरांनीच, पण पाणी कुठे वळवायचे ते त्यांनी ठरवले नाही. पोराने निदान हे समजून असावे की आराखड्यावरची प्रत्येक रेघ कोणाच्या तरी शेतावरून जाते. पलीकडे रोह्यातून वाहणारी कुंडलिका पाहा. मुळशीच्या धरणाचे पाणी डोंगराखाली भिऱ्याच्या वीजघरात पडते आणि मग या नदीला मिळते. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि १९२७ पासून भिऱ्याची वीज मुंबईला जाऊ लागली. वीजघरातून सुटलेले ते पाणी खाली रोह्याच्या शेतीलाही मिळते, धाटावच्या रासायनिक कारखान्यांनाही.

आणि तो महामार्ग! पनवेल ते इंदापूरचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि तपाहून जास्त काळ रखडले. लोणेऱ्याच्या पुढे महाडजवळ २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल पुरात कोसळला, दोन एसट्या माणसांसकट वाहून गेल्या. सिव्हिलच्या पोराने पुलाच्या पायाचा धडा वाचताना ही रात्र आठवावी.

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, हे सगळे लांबचे वाटेल. पण आपली पोरे काय करतात? पहिल्या वर्षाचे गणित आणि मेकॅनिक्स राहते, केटी लागते, ती लपवली जाते. जर्नल दुसऱ्याचे पाहून उतरवले जाते. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बाजारातून विकत आणला जातो, चक्क पैसे मोजून. मग मुलाखतीत साहेब विचारतो, यात तू काय केलेस? पोरगा खाली बघतो. इंग्रजी येत नाही म्हणून नोकरी गेली, असे तो घरी सांगतो. इंग्रजीची अडचण खरीच आहे, रोज तासभर वाचून-बोलून ती दोन वर्षांत सुटते. हाताने काही केलेलेच नसेल, तर कोणत्याही भाषेत सांगणार काय?

वास्तविक आपल्या पोराजवळ शहरातल्या पोरापेक्षा जास्त भांडवल आहे. डीपी जळालेली त्याने पाहिली आहे, मोटर का जळते हे त्याला ठाऊक आहे. ज्वारी उपटायला माणूस मिळत नाही. कापूस वेचणीचे यंत्र आपल्याकडे चालत नाही, कारण आपल्या पऱ्हाटीची बोंडे एकदम फुटत नाहीत आणि झाड पसरते. याहून चांगला प्रोजेक्ट कुठला पाहिजे? सुटीत जिनिंगमध्ये महिनाभर फुकट राबला तरी दोन पुस्तकांइतके शिकेल.

आता पैशाचा हिशेब. कापसाचा करतो तितका तरी करा. सरकारी प्रवेश फेरीतून जागा मिळाली तर उत्पन्नाच्या मर्यादेत शाहू महाराज शिष्यवृत्तीने शिक्षण शुल्काचा भार हलका होतो. अल्पभूधारकाच्या मुलासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना २०२४ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, तेव्हा मुलीला मागे ठेवायला पैशाचे कारण उरलेले नाही. व्यवस्थापन कोट्यातून जागा विकत घेतली की या सवलती गेल्या. गुण कमी आहेत म्हणून दोन एकर विकून ती जागा घेऊ नका. दहावीनंतर डिप्लोमाला घाला, तीन वर्षांत हाताला काम येते, आणि गुण चांगले पडले तर पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. आमच्या मते कोरडवाहू घराला हीच वाट जास्त परवडते. पुष्कळांना ती कमीपणाची वाटते, वाटू द्या.

फॉर्म भरण्याआधी बापाने स्वतः कॉलेज पाहून यावे. इमारत आणि फलक पाहू नयेत. वर्कशॉपमध्ये जावे, लेथवर हात फिरवावा, आणि हाताला तेल लागते की गंज ते पाहून घरी यावे.