गुणपत्रिका आणि गुणग्राहकता

व्हिडिओ गेमच्या परीक्षणांवरून खेळणाऱ्यांत जे वाद पेटतात, त्यांची गणना वडीलधारी मंडळी बहुधा पोरखेळातच करतात. खेळच पोरांचा, त्यावरचे भांडण थोरांनी का मनावर घ्यावे, असा त्यांचा सवाल असतो. परंतु ज्या वस्तूसाठी एखादा विद्यार्थी काही महिने पैसे साठवतो, जिच्या निर्मितीसाठी शेकडो माणसे वर्षानुवर्षे राबतात आणि जिच्या यशापयशावर त्या माणसांच्या नोकऱ्या अवलंबून असतात, तिच्याविषयीचे मत प्रामाणिक आहे की नाही, हा प्रश्न पोरखेळाचा खचितच नव्हे. तो साक्षीच्या सचोटीचा प्रश्न आहे.

या वादाचे एक ठळक उदाहरण म्हणजे ‘ड्रॅगन एज २’ हा खेळ. कॅनडातील एडमंटन शहरातल्या ‘बायोवेअर’ने तो रचला आणि ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स’ या अमेरिकन कंपनीने मार्च २०११ मध्ये बाजारात आणला. राक्षस, मांत्रिक आणि योद्धे यांच्या कल्पित जगात खेळणाऱ्याने एका पात्राची भूमिका घ्यायची आणि आपल्या निर्णयांनी कथेला वळण द्यायचे, असा हा प्रकार. याच मालिकेतला पहिला खेळ नोव्हेंबर २००९ मध्ये आला होता आणि त्याने रसिकांची मने जिंकली होती. दुसरा अवघ्या सोळा महिन्यांत तयार झाला. घाईच्या खुणा त्यात स्पष्ट दिसत होत्या. त्याच त्या गुहा आणि तीच ती घरे निरनिराळ्या नावांनी पुनःपुन्हा समोर येत. पहिल्या खेळात नायकाचा वंश आणि पूर्वेतिहास निवडण्याची मुभा होती. दुसऱ्यात ती काढून घेण्यात आली. तरीही ‘पीसी गेमर’ या मान्यवर मासिकाने त्याला शंभरापैकी ९४ गुण दिले. परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’वर समीक्षकांची सरासरी ८२ भरली, आणि तेथेच सामान्य खेळणाऱ्यांनी दिलेली सरासरी दहापैकी पाचाच्याही खाली राहिली. एकाच खेळाविषयी जाणकार आणि ग्राहक यांच्यात एवढी दरी पडावी, याचे आश्चर्य वाटले नसते तरच नवल.

त्यातच असे उघडकीस आले की, दहापैकी दहा गुण देऊन या खेळाची मुक्तकंठाने स्तुती करणारा एक ‘ग्राहक’ हा प्रत्यक्षात बायोवेअरचाच नोकर होता आणि त्याने आपला संबंध सांगितलेला नव्हता. यावर प्रकाशक कंपनीने खेद व्यक्त केला नाही. निवडणुकीतला उमेदवार स्वतःलाच मत देतो, मग यात गैर ते काय, अशा आशयाचे उत्तर तिने दिले. हा युक्तिवाद वरवर चतुर असला तरी मुळातच खोटा आहे. मतपेटीतले मत गुप्त असते आणि त्याने कोणाची दिशाभूल होत नाही. परीक्षण ही जाहीर साक्ष असते. साक्षीदाराने आरोपीशी असलेले नाते लपविले, तर न्यायाधीश त्याची साक्ष ग्राह्य धरणार नाही. ग्राहकाने तरी ती का धरावी?

तथापि, प्रत्येक भरघोस गुणामागे लाचच असते, असे समजणे अन्यायाचे होईल. परीक्षक ज्या परिस्थितीत काम करतो तीही पाहिली पाहिजे. खेळाची प्रत त्याला प्रकाशकाकडून प्रकाशनापूर्वी थोडे दिवस मिळते. परीक्षण कोणत्या दिवशी आणि कोणत्या घटकेला प्रसिद्ध करायचे, हेही प्रकाशकच ठरवतो. तीस-चाळीस तासांचा खेळ त्याने घाईघाईने उरकायचा आणि इतरांच्या आधी, निदान इतरांच्या बरोबरीने, निवाडा द्यायचा. पहिल्या पाच-दहा तासांची मोहिनी त्याच्या लेखणीत उतरते. तीच गुहा आठव्यांदा पाहताना येणारा वीट उतरत नाही. शिवाय पुढच्या खेळाची प्रत वेळेवर हवी असेल तर आज फार कठोर होऊ नये, ही भीती कोणी बोलून दाखवत नसले तरी मनाच्या कोपऱ्यात असतेच. लाच घेणारा परीक्षक विरळा. ओशाळा परीक्षक मात्र सर्वत्र आढळतो.

ही भीती निराधार नाही, हे २००७ साली दिसून आले. ‘गेमस्पॉट’चे ज्येष्ठ परीक्षक जेफ गर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच’ या खेळाला दहापैकी ६ गुण दिले. त्या वेळी त्याच स्थळावर त्या खेळाच्या मोठमोठ्या जाहिराती झळकत होत्या. लवकरच गर्स्टमन यांची नोकरी गेली. जाहिरातदारांच्या दडपणापुढे व्यवस्थापन नमले, हे त्यांना उघडपणे सांगता आले ते २०१२ साली. सहा गुणांची किंमत एका माणसाने अशी मोजल्यावर इतरांनी सातांखाली उतरू नये, यात मनुष्यस्वभावाला धरून नाही असे काहीच नाही.

जेथे प्रत्यक्ष पैसा मोजला गेला, तेथील हकीकत तर अधिकच उद्‌बोधक आहे. टॉल्किन यांच्या कल्पित जगावर बेतलेला ‘मिडल-अर्थ: शॅडो ऑफ मॉर्डोर’ हा खेळ २०१४ साली आला. तो खपावा म्हणून वॉर्नर ब्रदर्सने यूट्यूबवरील लोकप्रिय मंडळींना शेकडो ते हजारो डॉलर दिले. खेळाची प्रशंसा करावी आणि त्यातील दोष दाखवू नयेत, अशी अट होती. पैसे मिळाल्याची कबुली चित्रफितीत नव्हे, तर तिच्याखालच्या, सहसा कोणी उघडून न पाहणाऱ्या मजकुरात टाकण्यास सांगितले होते. या चित्रफिती ५५ लाखांहून अधिक वेळा पाहिल्या गेल्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याची दखल घेतली आणि जुलै २०१६ मध्ये कंपनीला समझोता करून पुन्हा असे न करण्याचे मान्य करावे लागले. यातील विपर्यास असा की, खेळ मुळात चांगलाच होता. पैसे न घेतलेल्या अनेक परीक्षकांनीही तो वाखाणला होता आणि २०१५ साली खेळ रचणाऱ्यांच्याच परिषदेत त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला होता. खोटे नाणे बाजारात आले की खऱ्या नाण्याकडेही माणसे संशयाने पाहू लागतात. विकत घेतलेल्या स्तुतीने सर्वाधिक नुकसान केले ते या निर्मात्यांच्या खऱ्या गुणांचे.

आता गुणांच्या आकड्याकडे वळू. शिक्षक बंधुभगिनींना हे दुखणे नवे नाही. सगळ्याच उत्तरपत्रिकांना ऐंशीच्या पुढे गुण मिळू लागले, की हुशार विद्यार्थी आणि सामान्य विद्यार्थी यांतील भेद दिसेनासा होतो. खेळांच्या परीक्षणांत हेच घडले आहे. दहापैकी सात म्हणजे ‘बेताचा’ असा अर्थ रूढ झाला आणि पाचांखालची अर्धी पट्टी जवळजवळ ओस पडली. या आकड्यावर माणसांची पोटे अवलंबून राहिली, तर काय होते? ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ हा २०१० सालचा खेळ रचणाऱ्या ‘ऑब्सिडियन’चा करारच असा होता की, मेटाक्रिटिकवर सरासरी ८५ भरली तरच जादा मोबदला मिळेल. ती ८४ भरली! संस्थेचे एक संस्थापक क्रिस ॲव्हेलोन यांनीच २०१२ साली हे जाहीर केले. एका गुणाने संबंध चमूचा बोनस बुडतो, हे माहीत असणारा सहृदय परीक्षक हात आखडता घेईल काय? आणि त्याने तो सैल सोडला, तर त्याच्या भरवशावर पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला कोणी वाली उरतो काय? मेहनतान्याचा प्रश्न मालकाने परीक्षकाच्या गळ्यात बांधावा, हीच मूळ चूक आहे.

अर्थात खेळणाऱ्यांची बाजूही निष्कलंक नाही. समीक्षकाने ९४ दिले म्हणून रागाने शून्य देणे हाही असत्याचाच प्रकार आहे. पुष्कळांचे शून्य हे खेळाचे मूल्यमापन नसून सूड असतो. काहींनी तर खेळ पुरता पाहिलेलाही नसतो. २०१२ साली याच बायोवेअरमधील एका लेखिकेवर शिव्याशापांचा आणि धमक्यांचा जो वर्षाव झाला, त्याचे समर्थन कोणत्याही ग्राहकहक्काच्या नावाने करता येणार नाही. मेटाक्रिटिकने २०२० साली प्रकाशनानंतर छत्तीस तास ग्राहकांची मते न स्वीकारण्याचा नियम केला, तो अशाच लोंढ्यांना आवर घालण्यासाठी. अतिस्तुती आणि अतिनिंदा एकमेकींना पोसतात. एकीवरचा विश्वास उडाला की दुसरीला ऊत येतो.

यावर उपाय कोणता? आकडाच काढून टाकावा, असे काहींनी सुचविले. ब्रिटनमधील ‘युरोगेमर’ने २०१५ साली तो काढलाही, २०२३ साली मात्र तारकांच्या रूपाने तो परत आला. वाचकाला निर्णय चटकन हवा असतो, ही वस्तुस्थिती त्यावरून स्पष्ट होते. तेव्हा आकडा राहो. पण त्याच्या शेजारी काही गोष्टींची नोंद असणे सक्तीचे मानले पाहिजे. परीक्षकाने खेळ किती तास खेळला, शेवटपर्यंत नेला की नाही, कोणत्या यंत्रावर खेळला, प्रत कोणी दिली, कोणत्या अटींवर दिली, आणि त्या प्रकाशनात त्याच खेळाची जाहिरात आहे काय, एवढे सांगायला चार ओळी पुरेत. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरून वस्तूंची शिफारस करणाऱ्यांना आर्थिक हितसंबंध स्पष्टपणे उघड करण्याचे बंधन घातले आहे. हेच खेळ आपले विद्यार्थीही विकत घेत असल्यामुळे हे बंधन कागदावर राहणार नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

जुन्या वादातून कोणी धडा घेतला नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ‘ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड’ने दाखवून दिले. ‘आयजीएन’ने त्याला दहापैकी ९ गुण दिले. ग्राहक आणि समीक्षक यांच्यात पुन्हा तोच कलह माजला. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीनेच सांगितले की, हा खेळ सुमारे १५ लाख खेळणाऱ्यांपर्यंत पोहोचला आणि ही संख्या अपेक्षेपेक्षा जवळजवळ निम्म्याने कमी आहे. त्याच महिन्यात बायोवेअरमधील अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. नऊ गुण त्यांच्या कामी आले नाहीत. मागच्या खेळांचे दोष वेळीच आणि निर्भीडपणे सांगितले गेले असते तर ते आले असते काय, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. परंतु खोट्या गुणपत्रिकेवर पुढच्या वर्गात गेलेल्या विद्यार्थ्याचे पुढे काय होते, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. गुणग्राहकतेचा अर्थ गुणांची खैरात नव्हे. दोष दाखविण्याइतकी आस्था ज्याला आहे, त्याच्याच स्तुतीला मोल असते.