ऊर्जा जिंकेल, कंपनी तपासून घ्या

लांजीच्या बाजारात हल्ली धानाच्या भावाइतकीच चर्चा सोलरच्या शेअरची होते. कॉलेजात जाणाऱ्या मुलांकडे डिमॅट खाती आहेत. कोणत्या कंपनीचा आयपीओ कधी उघडतो हे त्यांना तोंडपाठ असते. परवा ओळखीतल्या एका मुलाने विचारले, "काका, हायड्रोजनवाली कोणती घेऊ?" त्याच्या प्रश्नात लोभ कमी आणि उत्साह जास्त होता. कोळशानंतर काय येणार हे त्याला कळले आहे आणि त्या कामात आपलाही वाटा असावा असे त्याला वाटते. मला हा उत्साह मनापासून आवडतो. तो टिकावा, फसवणुकीने करपू नये, म्हणून आजचा हा लेख.

उत्साहाला आधार भक्कम आहे. 2014 साली देशाची सौरक्षमता तीन हजार मेगावॉटही नव्हती. जानेवारी 2025 मध्ये तिने एक लाख मेगावॉटचा टप्पा ओलांडला. या वाटचालीत आपल्या मध्य प्रदेशाचे स्थान मानाचे आहे. 2017 साली रीवाच्या 750 मेगावॉट प्रकल्पाच्या लिलावात पहिल्या वर्षासाठी युनिटला 2.97 रुपये दर निघाला, तेव्हा सौरवीज महाग असते हा समज एका दिवसात मोडला. त्या प्रकल्पाची वीज आज दिल्लीच्या मेट्रोलाही जाते. 2021 मध्ये नीमचच्या लिलावात दर 2.14 रुपयांवर आला. ओंकारेश्वरला तर नर्मदेच्या धरणातल्या पाण्यावर पॅनेल तरंगू लागले. ज्या राज्याने हे करून दाखवले त्या राज्याच्या एका टोकाला, गोंदियाच्या सीमेवर आपण राहतो. आपल्या मुलांनी मोठी स्वप्ने पाहिली तर त्यात नवल नाही.

ही ऊर्जा जवळून पाहायची असेल तर एखाद्या बांधीवर जा. पीएम-कुसुम योजनेतला सौरपंप बसलेल्या शेतात सकाळी आठला उभे राहिलात तर पाइपातून पाण्याची बारीक धार येताना दिसेल. कंट्रोलरच्या छोट्या पडद्यावर आकडा चढत जातो आणि अकराच्या सुमारास धार पाइपाच्या तोंडभर येते. ढग आला की आकडा उतरतो, ढग सरकला की पुन्हा चढतो. शेतीला वीज ठरावीक तासच मिळते आणि त्यातले काही तास रात्रीचे असतात. काळोखात, सापाकिरड्याच्या भीतीत, बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला जाणाऱ्या माणसाला दिवसाचे पाणी म्हणजे काय हे कोणी समजावून सांगायला नको. धानाला या पंपाचा आणखी एक फायदा आहे. रोवणी झाल्यावर पाऊस दडी मारतो तेव्हा आभाळ मोकळे असते आणि ऊन कडक पडते. पाण्याची गरज सर्वांत मोठी असते नेमक्या त्याच दिवसांत पंप पूर्ण जोमाने चालतो. फक्त एक पथ्य पाळायचे. ऊन फुकट असले तरी जमिनीखालचे पाणी फुकट नाही. उन्हाळी धानासाठी दिवसभर उपसा चालू ठेवला तर विहिरी आटतील आणि पंप कोरडा फिरेल.

घराच्या छताचा हिशेबही मांडून पाहू. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला 78 हजार रुपये अनुदान मिळते. एवढा संच आपल्या भागातल्या उन्हात महिन्याला 300 ते 350 युनिट वीज देतो. युनिटला सहा रुपये धरले तरी 1,800 रुपये वाचतात आणि अनुदान वजा जाता घातलेला पैसा साधारण चार-पाच वर्षांत वसूल होतो. पण हा हिशेब सगळ्या घरांना सारखा लागू नाही. आपल्या राज्यात महिन्याला 150 युनिटपर्यंत वापर असलेल्या घरांना पहिली 100 युनिटे 100 रुपयांत मिळतात. अशा घराने घाई करण्याचे कारण नाही. ज्यांच्याकडे फ्रिज, पाण्याची मोटार, कूलर, पिठाची गिरणी किंवा दुकान आहे त्यांना मात्र हा व्यवहार आजच परवडतो.

आता कंपन्यांकडे वळू. पॅनेल बनवणारी वारी एनर्जीज ही कंपनी आज देशातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांत मोजली जाते. तिचे संस्थापक हितेश दोशी मूळचे बुलडाणा जिल्ह्यातल्या टुनकी गावचे. गावाजवळच्या वारी हनुमानाच्या देवस्थानावरून त्यांनी कंपनीला नाव दिले. 1985 साली पाच हजार रुपये उसने घेऊन त्यांनी धंद्याला सुरुवात केली होती. ऑक्टोबर 2024 मध्ये कंपनीचा आयपीओ आला तेव्हा 97 लाखांहून अधिक अर्ज आले, आणि 1,503 रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी 2,500 रुपयांवर उघडला. विदर्भातल्या एका आडगावातून निघालेल्या माणसाने हे उभे केले याचा अभिमान वाटतो. लांजीच्या मुलांचे डोळे त्या दिवशी चमकले ते उगाच नाही.

पण एक गोष्ट त्या मुलांना सांगावीच लागेल. एखादी ऊर्जा यशस्वी होणे आणि ती ऊर्जा बनवणाऱ्या कंपनीचे भागधारक श्रीमंत होणे, हे दोन वेगळे हिशेब आहेत. पॅनेल स्वस्त झाले म्हणून आपण ते छतावर बसवू शकतो. तोच उतरता भाव कारखानदाराचा नफा खातो. चीनमधली सनटेक एकेकाळी जगातली सर्वांत मोठी पॅनेल कंपनी होती. 2013 मध्ये तिला कर्जरोख्यांचे पैसे फेडता आले नाहीत. अमेरिकेत सोलिंड्रा या पॅनेल कंपनीला सरकारने 53 कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली होती, ती कंपनी 2011 मध्ये बुडाली. आणि त्याच वर्षांत जगभर छतांवर बसणाऱ्या पॅनेलांची संख्या झपाट्याने वाढत होती.

आपल्याकडचे सर्वांत बोलके उदाहरण पवनचक्क्यांचे आहे. तुलसी तांती यांनी 1995 मध्ये सुरू केलेल्या आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनने भारतात पवनऊर्जा रुजवली. 2005 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि 2008 च्या सुरुवातीला तर तिचे नाव प्रत्येक गुंतवणूकदाराच्या तोंडी होते. जर्मनीतली रीपॉवर ही कंपनी घेताना कर्जाचा डोंगर झाला. त्यात जागतिक मंदी आली, अमेरिकेत काही पात्यांना तडे गेले. ऑक्टोबर 2012 मध्ये 20 कोटी डॉलरहून अधिक रकमेचे परकीय रोखे कंपनीला फेडता आले नाहीत. 2008 मध्ये चारशेच्या वर गेलेला शेअर मार्च 2020 मध्ये दोन रुपयांच्या आसपास लोळत होता. देशातली पवनऊर्जा मात्र थांबली नाही. 2012 मधल्या सुमारे 17 हजार मेगावॉटवरून 2025 मध्ये ती 50 हजारांच्या पुढे गेली. पुढे सुझलॉनही सावरली, 2023 मध्ये नवे भांडवल उभारून तिने कर्ज फेडले. पण मुलीच्या लग्नासाठी 2008 मध्ये ते शेअर घेऊन ठेवणाऱ्या घराला त्या सावरण्याचा काय उपयोग झाला असेल? वारा खरा होता, पवनचक्क्याही खऱ्या होत्या. कर्जाचा हिशेब कोणी वाचला नव्हता.

हायड्रोजनच्या बाबतीत तर आणखी नेटाने वाचायला हवे. पाण्यातून वीज सोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायचे, आणि ती वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असेल तर त्याला हरित हायड्रोजन म्हणायचे, ही त्यातली मूळ प्रक्रिया. एक किलो हायड्रोजनला किमान नऊ लिटर शुद्ध पाणी आणि 50 ते 55 युनिट वीज लागते. त्या एका किलोत साठलेली ऊर्जा सुमारे 33 युनिटांची. फ्युएल सेलमधून तिची परत वीज केली तर हातात 16-17 युनिटेच पडतात. राइस मिलमध्ये शंभर किलो धान भरडले की 67 किलो तांदूळ हाती येतो, इथे मात्र एक तृतीयांशच उरतो. म्हणून घरातला दिवा लावायला किंवा मोटारसायकल चालवायला हायड्रोजन येईल असे कोणी सांगितले तर ते मनावर घेऊ नका. त्यासाठी थेट वीज आणि बॅटरी पुरेशी आहे.

मग हायड्रोजनचा उपयोग कुठे? उत्तर आपल्या बांधीतच आहे. खताच्या पोत्यातला नत्र अमोनियातून येतो, अमोनिया हायड्रोजनमधून, आणि तो हायड्रोजन आज नैसर्गिक वायूतून काढला जातो. एक किलो हायड्रोजन काढताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वायू बाहेरून येतो, अमोनिया बाहेरून येतो, डीएपी बाहेरून येते, आणि जगात कुठे युद्ध पेटले की लांजीच्या सोसायटीसमोर रांग लागते. हा हायड्रोजन देशातल्या उन्हातून निघाला तर ती साखळी तुटेल. सुरुवात डीएपीपासून होईल, कारण युरियाला वायूतून मिळणारा कार्बनही लागतो. जुलै 2025 मध्ये केंद्राच्या सौरऊर्जा महामंडळाने हरित अमोनियाचा पहिला लिलाव केला. ओडिशातल्या पारादीपच्या खतकारखान्यासाठी किलोला 55.75 रुपये दर निघाला. मला ही बातमी कोणत्याही आयपीओपेक्षा मोठी वाटते. केंद्राने 4 जानेवारी 2023 रोजी 19,744 कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले, त्याचे लक्ष्य 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हायड्रोजनचे आहे. त्यासाठी सव्वा लाख मेगावॉट नवी सौर आणि पवनक्षमता लागेल. म्हणजे हायड्रोजनचा रस्ताही पॅनेलांवरूनच जातो.

या क्षेत्रात प्रामाणिक काम करणारे लोक आहेत. पुण्यात केपीआयटी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी देशी फ्युएल सेल तयार केला आणि ऑगस्ट 2022 मध्ये त्यावर चालणारी बस पुणेकरांनी पाहिली. आणि याच क्षेत्रात अमेरिकेतली निकोलाही होती. हायड्रोजनवर चालणाऱ्या ट्रकची जाहिरात म्हणून तिने जो ट्रक धावताना दाखवला, तो प्रत्यक्षात उतारावर सोडून दिलेला होता. त्यात स्वतःची ताकदच नव्हती. ती चित्रफीत पाहून हजारो सामान्य लोकांनी शेअर घेतले. संस्थापकाला 2022 मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आपल्याला अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. 2022 मध्ये लांजी-किरनापूर भागातल्या 'डबल मनी' प्रकरणात पोलिसांनी कोट्यवधींची रोकड जप्त केली. काही महिन्यांत पैसे दुप्पट होतील या आशेने धान विकून आलेले पैसे, दागिने, काहींनी तर जमीन त्यात घातली होती. आता तीच दुपटीची भाषा सोलर आणि हायड्रोजनचे नाव लावून मोबाइलवर येऊ लागली आहे. रोज ठरावीक परतावा देणारे 'सोलर प्लॅन' किंवा बाजारात न आलेल्या कंपनीचे शेअर घरपोच देणारे लोक दिसले तर दार लावून घ्या. नावावर तर मुळीच जाऊ नका. नागपूरची सोलर इंडस्ट्रीज ही नावाजलेली कंपनी स्फोटके बनवते, पॅनेल नाही.

शेअर घ्यायचाच असेल तर सेबीच्या संकेतस्थळावर कंपनीचे माहितीपत्रक मिळते, त्यातले जोखमीचे प्रकरण आधी वाचा. कर्ज किती, हातात पक्क्या ऑर्डर किती आणि नुसत्या घोषणा किती, पॅनेलमधले सेल कंपनी स्वतः बनवते की चीनमधून आणून नुसते जोडते, हे पाहा. सरकारी कामांत देशी सेल वापरण्याची सक्ती वाढत चालली आहे, त्यामुळे शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पॅनेल घेणाऱ्यालाही कंपनीची तब्येत पाहावीच लागते, कारण 25 वर्षांची हमी देणारी कंपनी तोवर टिकली पाहिजे. सरकारी मान्यताप्राप्त यादीत मॉडेल आहे का, हमीपत्र कोणाच्या सहीचे आहे, बिघाड झाला तर माणूस बालाघाटहून येणार की जबलपूरहून, हे लेखी घ्या.

आणि आयटीआय झालेल्या मुलांसाठी एक आग्रहाची सूचना. 2015 पासून चालू असलेल्या 'सूर्यमित्र' प्रशिक्षणाची चौकशी करा. तालुक्यात जितके पंप आणि छते वाढतील तितके दुरुस्तीचे हात लागतील. आज एक कंट्रोलर बिघडला की शेतकरी ऐन रोवणीत दिवसेंदिवस वाट पाहत बसतो. कंपनी बुडो की तरो, हे काम इथेच राहणार आहे आणि ते येणाऱ्याला मजुरीही इथेच मिळणार आहे. ज्याच्याकडे गुंतवायला थोडा पैसा आहे त्याने तो आधी स्वतःच्या छतावर, नंतर मुलाच्या कौशल्यात, आणि उरला तरच शेअर बाजारात घालावा.