चौकोनी खोलीला गोलाईची जोड

नव्या ब्लॉकमध्ये सामान लावून होतं, सगळं टापटीप दिसतं, तरी बैठकीची खोली कचेरीसारखी का वाटते, असं पुष्कळजणी विचारतात. मैत्रिणींनो, जरा दारात उभ्या राहून पाहा बरं! खोली चौकोनी, खिडकी चौकोनी. दिवाण, टीव्ही, कपाट, टीपॉय तेही चौकोनी. नुसते काटकोन! नजर ठरणार कुठे?

जुन्या लोकांना हे बरोबर उमगलं होतं. पुण्याच्या विश्रामबागवाड्यातले लाकडी खांब ताठ उभे आहेत, पण सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत गेलेले. आपली रांगोळीही तशीच. ठिपके सरळ ओळीत आणि वेल मात्र वळणावळणाची.

म्हणून नवा सोफा हप्त्यांवर घेण्याची घाई नको. घरातलंच पितळी घंगाळ घासूनपुसून त्यात कुंडी ठेवा. दिवाणावर लोड टाका. सरळ कपाटाशेजारी गोल आरसा लावा. मात्र खोलीत मुख्य आकार एकच असावा, दुसरा त्याच्या जोडीला, साधारण तिसरा हिस्सा. दोन्ही सारखेच झाले, की पसारा वाटतो.

रेघांचंही असंच. छत बुटकं असेल तर उभ्या पट्ट्यांचे पडदे छताजवळून थेट फरशीपर्यंत सोडा, खोली उंच भासते. भिंत अरुंद असेल तर आडव्या रेघा तिला रुंदी देतात. पडदे पट्ट्यांचे घेतलेत, तर अभ्रे वेलबुट्टीचे चालतील. फक्त एखादा रंग दोन्हींत असू द्या, म्हणजे त्यांचं जमतं. तिरप्या रेघा मात्र चवीपुरत्याच, मिठासारख्या!

चौघांच्या जेवणाला ४२ इंच व्यासाचं गोल टेबल पुरतं. पण भोवती खुर्ची मागे ओढायला निदान अडीच फूट जागा हवी. तेवढी नसेल तर गोल टेबलाचा हट्ट नको. भिंतीला लागून चौकोनी टेबलच बरं. मात्र त्याचे कोपरे गोल करायला सुताराला सांगा, आणि तेही सनमायका चिकटवण्याआधी. मागाहून ते काम अवघड नि खर्चाचं होतं. घरात रांगतं मूल असेल, किंवा रात्री अंधारात उठणाऱ्या सासूबाई असतील, तर ही गोलाई नुसत्या शोभेची नाही. टोकदार कोपरा लहानग्याच्या कपाळाला लागतो नि म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याला.

काहीही विकत घेण्याआधी वर्तमानपत्रं चिकटवून त्या आकाराचा, त्या मापाचा कागद कापा आणि दोन दिवस फरशीवर अंथरून ठेवा. घरातली माणसं त्याला वळसा घालून सहज जातात, की दर वेळी त्यावर पाय पडतो, ते पाहा. पाय पडत असेल, तर आकार कितीही आवडो, ती वस्तू तुमच्या खोलीसाठी नाही. पैसे वाचले म्हणायचे!