पूर्वरंग शिबिरात, उत्तररंग घरी

श्रीगणेशाच्या आगमनाने घरोघरी चैतन्य संचारले आहे. अशा मंगल प्रसंगी परदेशातील तरुणांच्या शिबिरांचा विषय काढणे काही वाचकांना अप्रस्तुत वाटेल. तथापि थोडक्या साधनांत आनंदाने कसे राहावे, हाच त्या शिबिरांचा विषय आहे. आणि उत्सवाच्या दिवसांत प्रत्येक गृहस्थापुढे हाच प्रश्न उभा असतो.

युरोपात देशोदेशींच्या तरुणांनी एकत्र राहून शिकावे, यासाठी १९८८ साली एक योजना सुरू झाली. आज ती ‘इरास्मस प्लस’ या मोठ्या कार्यक्रमाचा भाग आहे. किमान दोन देशांतील, १३ ते ३० वर्षे वयाची मुले-मुली ५ ते २१ दिवस एकत्र राहतात. २०२१ पासून पर्यावरणरक्षण हे या कार्यक्रमाचे एक प्रमुख उद्दिष्ट ठरले आहे. म्हणून या विषयाच्या शिबिरांत पाळीपाळीने स्वयंपाक करणे, उष्ट्या-खरकट्याचे खत करणे, फाटके शिवून वापरणे असे पाठ असतात. विमान टाळून रेल्वेने वा बसने येणाऱ्यांस प्रवासखर्चात अधिक साहाय्य मिळते. अखेरीस ‘यूथपास’ नावाचे प्रमाणपत्र मिळते. त्यासाठी परीक्षा नाही. आपण काय शिकलो, हे ज्याने त्याने स्वतःच पारखून लिहावयाचे.

हे ऐकून आपल्याकडील अनेक जण म्हणतात, “यात नवे ते काय? पत्रावळी, शाडूची मूर्ती, जुन्या लुगड्यांची गोधडी, हे सारे आपल्याकडे होतेच. पतंजलींनी तर अपरिग्रहाची गणना पाच यमांत केली आहे.” विधान खरे आहे, परंतु ‘होतेच’ या शब्दाने कोणाचेही घर चालत नाही. आजीला गोधडी शिवता येत होती, म्हणून नातवाला सुईत दोरा ओवता येतो असे नव्हे. पत्रावळींच्या या भूमीत थर्माकोलच्या ताटल्या बंद करण्यासाठी २०१८ साली शासनास बंदीहुकूम काढावा लागला, हे आपण कसे विसरावे?

शिवाय त्या शिबिरांत एक गोष्ट खरोखरच नवी आहे, आणि ती म्हणजे पाळी. आपल्या जुन्या घरांतील काटकसर बहुतांशी घरच्या स्त्रीच्या श्रमांवर उभी होती. राख लावून भांडी तिने घासली, गोधडी तिने शिवली, शिळ्याचे ताजे तिने केले. काटकसरीचे पुण्य मात्र साऱ्या घराने घेतले. त्या शिबिरांत मुलाच्याही हाती विळी-घासणी येते. साधेपणाचा भार सर्वांनी वाटून घेतला, तरच तो टिकतो. एकीवर लादलेला साधेपणा तिची सुटका होताच संपतो. तो आपल्या घरांतून का गेला, याचे एक मोठे कारण आम्हांस येथे दिसते.

दहा-बारा दिवसांनी कोणाचा स्वभाव पालटतो काय, ही शंका मात्र रास्त आहे. कीर्तनात पूर्वरंगी तत्त्वाचे निरूपण होते आणि उत्तररंगी आख्यान लागते. आख्यानावाचून तत्त्व श्रोत्यांच्या मनी ठसत नाही. शिबिर हा पूर्वरंग होय. त्याचा उत्तररंग घरीच रंगावयाचा असतो, आणि तो रंगविणे वडीलधाऱ्यांच्या हाती आहे.

भारतातील मुलांना ही योजना खुली नाही. परंतु जर्मनी, नेदरलँड्स अशा देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांची मुले तेथील रहिवासी म्हणून तीत भाग घेऊ शकतात. असा एखादा नातू सणाला आजोळी आला आणि “हे निर्माल्य कोठे जाते?” असे विचारू लागला, तर “आमच्याकडे असेच चालते” म्हणून त्याला गप्प करू नये. निर्माल्याच्या खताचे काम त्याच्याकडे सोपवावे, भांड्यांची पाळी त्याला द्यावी. आणि इथल्या भावंडांनाही, मुलगा-मुलगी असा भेद न करता, त्याच्या जोडीस बसवावे. त्यासाठी परदेशी जावे लागत नाही, पैसाही लागत नाही.

घरातील प्रत्येक हात या सेवेस लागो आणि कोणा एकीवरच तिचा भार न पडो, एवढीच विघ्नहर्त्याच्या चरणी प्रार्थना.