कोल्हापूर थोर कीं पुणें ?

कार्तिकी पौर्णिमेस मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठीं दूरदूरच्या गांवांहून दिंड्या पायीं चालत कपिलधारेस येतात. परंतु जवळच्याच मांजरसुंब्याच्या फाट्यावरून आमच्या जिल्ह्यांतील होतकरू मल्ल वळकटी घेऊन बाहेर जातात. कोणी पुण्यास, कोणी कोल्हापुरास. या दोहोंत थोर कोण, हा वाद कुस्तीच्या फडाभोंवतीं नेहमीं रंगतो. तो सोडविण्याची एक रीत अशी कीं, उत्तम उमेदीचीं मुलें कोणाकडे अधिक गेलीं तें मोजावयाचें. अमेरिकेंत महाविद्यालयांचे संघ गट करून बास्केटबॉल खेळतात. शाळांतील नांवाजलेले खेळाडू कोणत्या गटानें अधिक ओढले, यावरून तेथेंही गटांचें बळ दरवर्षीं ठरवितात.

आमच्या मतें या मोजणीनें ओढ तेवढी कळते. घडण कळत नाहीं.

ओढीचाच इतिहास पाहा. शाहू महाराजांनीं मल्लांस आश्रय दिला, १९१२ सालीं खासबागेचें मैदान उभें राहिलें, आणि पुढें कित्येक वर्षें मुलांचा ओघ कोल्हापुराकडे होता. लातूरकडील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार तेथील गंगावेस तालमींत तयार झाले व १९६९ सालीं महाराष्ट्र केसरी झाले. तेच बिराजदार पुढें पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमींत शिकवूं लागले, तेव्हां आमच्या पाटोद्याचे राहुल आवारे कोल्हापुरास न जातां त्यांच्याकडे गेले. शहराची कीर्ति कांहींही असो, ओघ वस्तादामागून गेला ! २०११ सालीं बिराजदार निवर्तले. पुढें आवारे पुण्यांतच काका पवारांकडे शिकले. २०२० सालच्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तींतील हर्षवर्धन सदगीर व शैलेश शेळके हे दोघेही याच पवारांचे शिष्य. यावर कोल्हापूरकर नोव्हेंबर २०२३ चे विजेते, गंगावेस तालमीचे सिकंदर शेख यांचें नांव घेतील. पण तेही मूळचे मोहोळचे.

गोम येथेंच आहे. सदगीर अकोले तालुक्यांतले, लढले नाशिकच्या नांवावर, तयार झाले पुण्यांत. यश कोणाच्या खातीं मांडावयाचें ? मोठ्या तालमींत शिरणारा मुलगा कोरा नसतो. त्याच्या खुराकासाठीं बापानें काय विकलें, गांवच्या वस्तादानें पहाटे उठवून किती जोर काढविले, याची नोंद कोठेंच नसते. आणि जीं मुलें नांव न होतां परत येतात, तीं तर कोणाच्याच हिशेबांत नाहींत. शाळा मात्र त्यांची सुटलेली असते.

ओढीपुरतें आज पुण्याचें पारडें जड आहे, हें आम्ही मान्य करितों. मात्र मल्लाचें नांव, तालीम व जिल्हा या तीन रकान्यांपुढें चौथा रकाना आंखावा : पहिली माती कोणती. आवारे यांस कुस्तीचे पहिले पाठ वडिलांनीं दिले. त्या रकान्यांत २०१८ सालच्या राष्ट्रकुल स्पर्धेंतील सुवर्णपदकापुढें पाटोदें असें लिहावें लागेल.